विमानातलं वाय-फाय कसं चालतं, आणि अडलं तर कुठे बघायचं

फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात, आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजखालचं घड्याळ मात्र जागचं हलत नाही. मुंबईहून दिल्लीला किंवा लंडनला निघालेल्या विमानात असं झालं की माणूस आधी फोन बंद-चालू करतो, मग शेजाऱ्याला विचारतो, मग विमान कंपनीला नावं ठेवतो. त्या रेघा फक्त तुमचा फोन आणि डोक्यावरच्या छतात बसवलेली पेटी यांच्यामधल्या काही मीटर अंतराबद्दल सांगत असतात. पुढचा हजारो किलोमीटरचा रस्ता त्यांना ठाऊकच नसतो. सोसायटीत घरातला नळ नवा कोरा असला, तरी गच्चीवरची टाकी कोरडी असेल तर पाणी येत नाही, तसंच हे.

विमानातलं वाय-फाय म्हणजे सात कड्यांची साखळी: फोन, छतातला ॲक्सेस पॉइंट, सर्व्हर, मोडेम, पाठीवरची अँटेना, उपग्रह आणि त्याला इंटरनेटशी जोडणारं जमिनीवरचं गेटवे स्टेशन. कुठली कडी सुटली हे बसल्या जागी ओळखता येतं. त्यासाठी प्रत्येक कडीचं काम माहीत हवं.

छतातली पेटी

ए३२० किंवा ७३७ सारख्या, मधून एकच वाट असलेल्या विमानात छताच्या पॅनेलमागे साधारण दोन ते चार ॲक्सेस पॉइंट असतात. ७८७ किंवा ए३५० सारख्या मोठ्या विमानात त्याहून बरेच जास्त. घरच्या राउटरचंच हे भावंड, पण विमानाचं कंपन, दाब, तापमान आणि विजेचे झटके सोसेल अशा चाचण्या पार केलेलं. या चाचण्यांच्या मानकाला डीओ-१६० म्हणतात.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यात भर म्हणजे केबिनमधले सगळे ब्लूटूथ इअरबड्सही याच पट्ट्यात बोलतात. दीडशे-दोनशे माणसं, त्यांचे फोन, घड्याळं, इअरबड्स, असा सगळा बाजार तिथे भरलेला असतो. म्हणून ५ गिगाहर्ट्झ बरा: चॅनेल जास्त, गर्दी कमी. माणसाचं शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. रिकाम्या विमानात मोजलेला सिग्नल भरलेल्या विमानात कमी भरतो तो यामुळेच.

छतातल्या या पेट्यांची विमानाच्या इतर यंत्रणांना बाधा होणार नाही ना, हे तपासल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. वाय-फायचे सगळे ट्रान्समीटर पूर्ण ताकदीने चालू ठेवून कॉकपिटमधलं एकेक उपकरण तपासलं जातं. हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे. ७३७ एनजी आणि ७७७ मधल्या एका विशिष्ट प्रकारच्या कॉकपिट डिस्प्लेवर वाय-फायच्या लहरींचा परिणाम होऊ शकतो असं अशाच चाचणीत दिसलं, आणि २०१४ मध्ये अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए हिने ते डिस्प्ले बदलण्याचा आदेश काढला.

सर्व्हर आणि पोर्टल

ॲक्सेस पॉइंटमागे सर्व्हर असतो. तुमच्या फोनला आयपी पत्ता देणं, लॉगिनचं पान दाखवणं, कुणाचा प्लॅन किती शिल्लक आहे याचा हिशेब ठेवणं ही त्याची कामं. सिनेमे, गाणी आणि उड्डाणाचा नकाशा त्याच्याच डिस्कवर असतात. म्हणून एअर इंडियाच्या व्हिस्टा स्ट्रीमसारख्या सेवेला इंटरनेट लागत नाही. काही विमानांत तर अँटेनाच नसते, फक्त ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर. तिथे ‘वाय-फाय आहे’ हे खरं आणि ‘इंटरनेट नाही’ हेही खरं.

प्रवाशांच्या या जाळ्यातून कुणी विमानाच्या नियंत्रणात शिरू शकेल का, हा प्रश्न रास्त आहे. विमानातली जाळी तीन भागांत वेगळी ठेवलेली असतात: उड्डाण नियंत्रणाचं, विमान कंपनीच्या कामकाजाचं आणि प्रवाशांचं. वाय-फाय यंत्रणेला विमानाची जागा आणि दिशा लागते, पण ती माहिती सहसा एरिंक ४२९ या वाहिनीवरून येते, आणि ती वाहिनी एकमार्गी असते. एका तारेवर एकच उपकरण बोलतं, बाकीचे नुसते ऐकतात. उलट पाठवण्याची सोयच त्या तारेत नसते.

मोडेम आणि रेडिओ युनिट

सर्व्हरपुढे मोडेम, म्हणजे डेटाचा रेडिओ सिग्नल आणि सिग्नलचा परत डेटा करणारी पेटी, आणि अँटेनाच्या जवळ छतात त्या सिग्नलला ताकद देणारं रेडिओ युनिट. एरिंक ७९१ या मानकात मोडेमच्या पेटीला मॉडमॅन म्हणतात, रेडिओ युनिटला केआरएफयू, आणि अँटेना कुठे वळवायची ते सांगणाऱ्या पेटीला कँडू. मुंबईतल्या हँगरमध्येही हीच नावं कानावर पडतील. या मंडळींना वीज लागते ती ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची.

एक छोटा भाग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: एपीएम, म्हणजे एअरक्राफ्ट पर्सनॅलिटी मॉड्यूल. हे विमान कुठलं, अँटेना कशी बसवली आहे, तिच्या दिशेत किती फरक धरायचा, ही माहिती त्यात असते. मोडेम बदलला तरी एपीएम विमानातच राहतो. तो चुकून जुन्या मोडेमबरोबर दुरुस्तीला गेला, तर नवा मोडेम आपण कुठल्या विमानात बसलो आहोत हेच न कळून अडून बसतो.

पाठीवरची अँटेना

खरी गंमत इथे आहे. विमानाच्या पाठीवर, बहुधा पंखांच्या मागच्या बाजूला, माशाच्या पाठीसारखा एक उंचवटा दिसतो. तो रेडोम. आत अँटेना, वरून काच-तंतूसारख्या, लहरींना पारदर्शक पदार्थाचं आवरण. त्यावर धातूच्या बारीक पट्ट्या असतात. वीज पडलीच तर तिला आवरण न फोडता विमानाच्या अंगाकडे नेण्यासाठी.

उपग्रहाशी बोलायचे रेडिओचे दोन पट्टे: केयू बँडमध्ये विमान साधारण १४ गिगाहर्ट्झवर बोलतं, केए बँडमध्ये २८ ते ३० च्या आसपास. १४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २१ मिलिमीटर. तरंग इतका लहान असला की रेडोमच्या भिंतीची जाडीही मोजून-मापून ठरवावी लागते. म्हणून रेडोमवर रंगाचा एखादा जास्तीचा थर चढवला, किंवा धातूचे कण असलेला रंग मारला, तर लिंक कमजोर होते. विमान नव्याने रंगवून आल्यावर ‘हल्ली वाय-फाय मंद झालंय’ अशी तक्रार आली, तर आधी रंगाची जाडी मोजा. समुद्राकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे मुंबईत उभ्या राहणाऱ्या विमानांसाठी रेडोमच्या कडेचं सीलंटही दर तपासणीला डोळ्यांखालून घालायला हवं. आत मुरलेलं पाणी बाहेरच्या पावसापेक्षा वाईट, कारण ते वाहून जात नाही.

अँटेनाचं मुख्य काम नेम धरण्याचं. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातंय, वळताना २५ अंशांपर्यंत कलतंय, ढगांत हादरतंय, आणि त्या सगळ्यात अँटेनाने त्या एका ठिपक्यावरून नजर हटवायची नाही. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी, हिच्या पूर्वीच्या नियमांत नेमातली चूक ०.२ अंशाच्या आत ठेवायला सांगितलं होतं, आणि ती ०.५ अंशाच्या वर गेली तर १०० मिलिसेकंदांत प्रक्षेपण बंद करायचं. अर्धा अंश म्हणजे आकाशातल्या पूर्ण चंद्राची रुंदी. एवढी कडक अट का? कारण त्या कक्षेत शेजारी दुसरे उपग्रह आहेत. नेम चुकला तर तुमचा सिग्नल त्यांच्या कामात लुडबूड करतो. विमान जोरात वळत असताना नेट दोन-चार सेकंद गेलं, तर यंत्रणेने नियम पाळून तोंड मिटून घेतलं असण्याची शक्यता मोठी.

नेम धरण्यासाठी विमानाच्या जडत्व यंत्रणेकडून जागा, दिशा आणि कल ही माहिती सतत लागते. ती यंत्रणा स्थिर व्हायला जमिनीवर साधारण दहा मिनिटं घेते. तोवर अँटेनाला उत्तर दिशा कुठे तेच माहीत नसतं. नुकतीच वीज दिलेल्या विमानात लिंक लगेच न येणं हा बिघाड नव्हे.

अँटेना दोन प्रकारच्या: मोटरने फिरणारी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने लहरींची शलाका (बीम) वळवणारी सपाट. फिरणारीला उपग्रह अगदी डोक्यावर आला की त्रास होतो, कारण थोड्याशा हालचालीसाठी तिला गर्रकन फिरावं लागतं. सपाट अँटेनाचं उलट: डोक्यावरचं उत्तम, क्षितिजाजवळचं कठीण. उदाहरणाने बघा. ७४ अंश पूर्वेला भारताचे भूस्थिर उपग्रह आहेत. मुंबईहून त्यांच्याकडे बघायचं तर दक्षिणेला क्षितिजापासून जवळपास ६७ अंश वर बघावं लागतं, म्हणजे दोन्ही प्रकारच्या अँटेनांना सोयीचं. तोच उपग्रह लंडनहून क्षितिजाच्या वर जेमतेम एक अंश. तेव्हा मुंबई–लंडन उड्डाणात मध्येच उपग्रह बदलावाच लागतो, आणि त्या बदलाच्या वेळी काही काळ खंड पडतो.

उपग्रह, गेटवे आणि नियम

अमेरिकेत जमिनीवरच्या टॉवरवरून विमानाला नेट देण्याची पद्धत २००८ पासून आहे. पण मुंबई सोडली की निम्म्या परदेशी उड्डाणांखाली अरबी समुद्रच असतो. तिथे टॉवर कुठून आणणार? इथे उपग्रहाला पर्याय नाही.

तुमचा मेसेज विमानातून उपग्रहावर, तिथून गेटवेला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. म्हणजे ३५,७८६ किलोमीटर चार वेळा, एकूण सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. एखादी वेबसाइट उघडताना फोन आणि सर्व्हर यांच्यात पहिलं अक्षर दिसण्याआधीच तीन-चार फेऱ्या होतात, म्हणजे दोन सेकंद नुसत्या नमस्कार-चमत्कारात जातात. त्यामुळे वेग चांगला असूनही पान उघडायला जड वाटतं. ही वाट सुसह्य करण्यासाठी मोडेम आणि गेटवे यांच्यामध्ये एक युक्ती केलेली असते: पोच पलीकडून यायची वाट न बघता मोडेम जवळूनच फोनला पोच देतो, म्हणजे फोन न थांबता पुढचा माल पाठवत राहतो. ऑफिसचा व्हीपीएन चालू केला की सगळंच कुलूपबंद होतं, मोडेमला आत बघता येत नाही, आणि ही युक्ती निकामी होते. व्हीपीएनवर विमानातलं नेट रखडतं त्याचं मुख्य कारण हे.

स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरच असल्याने त्यांच्यावर हा विलंब खूपच कमी. कतार एअरवेजने ऑक्टोबर २०२४ पासून ७७७ विमानांवर ही सेवा सुरू केली. फक्त एक उपग्रह काही मिनिटांत नजरेआड जातो, त्यामुळे अँटेनाला सतत एकाकडून दुसऱ्याकडे उडी घ्यावी लागते.

भारतात हे सगळं २०१८ च्या फ्लाइट अँड मेरिटाइम कनेक्टिव्हिटी नियमांखाली येतं. विमानातल्या मोबाइल सेवेसाठी किमान ३,००० मीटर उंचीची अट त्यातच आहे. उद्देश असा की विमानातले फोन जमिनीवरच्या मोबाइल जाळ्यात ढवळाढवळ करू नयेत. एअरक्राफ्ट रूल्समधल्या २०२० च्या दुरुस्तीने वैमानिकाला प्रवाशांना वाय-फाय वापरू देण्याचा अधिकार मिळाला, फोन फ्लाइट मोडमध्ये ठेवण्याच्या अटीवर. त्याच वर्षी विस्ताराच्या ७८७-९ वर पॅनासोनिक एव्हिऑनिक्स आणि नेल्को यांनी ही सेवा चालू केली. नेल्को टाटा समूहातली, आपल्या नवी मुंबईतल्या महापेची कंपनी. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत उड्डाणांवरही ए३५०, ७८७-९ आणि निवडक ए३२१निओ विमानांत वाय-फाय दिलं. इस्रोच्या केए बँडमधल्या जीसॅट-एन२ चं प्रक्षेपण १९ नोव्हेंबर २०२४ ला झालं. त्याच्या ३२ शलाका भारतभर पसरलेल्या आहेत, आणि विमानातलं इंटरनेट हे त्याच्या कामांपैकी एक आहे.

विमानाच्या मोडेममध्ये देशांच्या हद्दींचा नकाशा असतो. जिथे त्या सेवेला परवानगी नाही, तिथे शिरताच ट्रान्समीटर आपोआप गप्प होतो. परदेशी विमानातलं नेट एखाद्या देशाच्या हद्दीवर अचानक गेलं आणि दोन तासांनी तितक्याच अचानक परत आलं, तर कारण बहुधा हेच.

पावसाबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. ३५,००० फुटांवर विमान बहुतेक पावसाच्या वर असतं, तिथे पावसाचा त्रास नाही. त्रास होतो तो गेटवे स्टेशनवर धो-धो कोसळत असेल तर, किंवा जुलैत विमान मुंबईच्या पार्किंग बेवर पावसात उभं असताना. केए बँडला हा फटका केयूपेक्षा जास्त बसतो.

प्रवाशाने काय करायचं

निम्मं काम घरीच उरकून घ्यावं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये वाय-फायवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. फोटोंचा बॅकअप आणि ॲप अपडेट थांबवा. फोनला घरचं आणि विमानातलं वाय-फाय सारखंच वाटतं. फुकट मिळाल्यासारखा तो हजार फोटो वर चढवायला बसतो आणि तुमचा प्लॅन बघता बघता संपतो.

प्लॅन विकत घ्यायचा असेल तर जमिनीवर असतानाच घ्या. हा मुद्दा भारतीय प्रवाशांसाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या कार्डांना बहुतेक वेळा एसएमएसवर ओटीपी येतो, आणि फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येत नाही. वर आकाशात कार्ड क्रमांक भरून बसलात की पुढे वाट बंद. बँकेच्या ॲपमध्येच मंजुरी देता येत असेल तर ते चालून जातं. ऑफिसच्या लॉगिनलाही ओटीपी लागत असेल, तर फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप आधी जोडून ठेवा. त्याला नेट लागत नाही, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं.

विमानात:

१. फ्लाइट मोड चालू करा, मग वाय-फाय वेगळं चालू करा.
२. व्हीपीएन बंद. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा. ठरावीक डीएनएस लावलेलं असेल तर लॉगिनचं पान उघडतच नाही.
३. विमान कंपनीचं नेटवर्क निवडा आणि पान उघडायची वाट बघा. नाही उघडलं तर ब्राउझरमध्ये सीटच्या खिशातल्या कार्डावरचा पोर्टलचा पत्ता टाका. गुगल किंवा बँकेच्या पानावरून ते उघडत नाही, कारण सुरक्षित पानं अशी मधल्यामध्ये वळवू देत नाहीत.
४. एअर इंडियाच्या पोर्टलवर पीएनआर आणि आडनाव लागतं. आडनाव म्हणजे बोर्डिंग पासवर आडनावाच्या जागी जे छापलं आहे ते, अक्षरशः तेच. तिकिटावर आडनावाच्या जागी पहिलं नाव दुसऱ्यांदा घातलं असेल, तर इथेही पहिलं नावच भरा.
५. लॉगिन झाल्यावर आयफोनवर त्या नेटवर्कपुरता लो डेटा मोड लावा, अँड्रॉइडवर नेटवर्क ‘मीटर्ड’ करा.

प्लॅन चालू असताना ‘फॉरगेट नेटवर्क’ करू नका. सर्व्हर तुम्हाला ओळखतो तो फोनच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वाय-फायवरच्या त्याच्या ओळखक्रमांकावरून. फोनने नवा पत्ता घेतला की तुम्ही त्याच्यासाठी नवे प्रवासी, आणि भरलेल्या पैशांचा शोध सुरू. आयफोनवर त्या नेटवर्कचा प्रायव्हेट पत्ता ‘फिक्स्ड’ ठेवला की हा घोळ टळतो.

लक्षणांवरून कडी ओळखणं

नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर तीनच शक्यता: या विमानात सोय नाही, यंत्रणा अजून चालू केलेली नाही, किंवा बंद केलेली आहे. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यात उतरताना सगळी उपकरणं बंद करायला सांगतात, तेव्हा तिथे वाद घालू नये.

नाव दिसतं, जोडलंही जातं, पण पोर्टल उघडत नाही. फोनचा आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर सर्व्हरने पत्ता दिलेला नाही. फोनचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा. पुढे-मागे चार जणांना तोच त्रास असेल तर क्रूला सांगा. क्रू यंत्रणा पुन्हा सुरू करू शकते, पण ती उभी राहायला साधारण दहा-पंधरा मिनिटं जातात. पाच मिनिटांत परत परत रीसेट करायला लावलं तर ती कधीच उभी राहत नाही.

पोर्टल उघडतं, सिनेमे चालतात, नकाशा हलतो, पण बाहेरचं काही नाही: छत आणि सर्व्हर ठीक, अडचण सर्व्हरच्या पुढे. यात प्रवाशाच्या आणि क्रूच्याही हातात काही नसतं. नकाशा बघा. हद्द ओलांडत असाल किंवा उपग्रह बदलायची वेळ असेल तर थोडं थांबा.

मेसेज जातात पण फोटो अडतात, तर ही निव्वळ गर्दी. समजा विमानाला ४० मेगाबिट मिळताहेत आणि ८० जण जोडलेले आहेत, तर वाट्याला अर्धा मेगाबिट. जेवण झाल्यावर दिवे मंद होतात आणि बरीच माणसं झोपतात. मोठी फाइल तेव्हा पाठवा.

आणि फक्त तुमच्याच पाच-सात ओळींत रडगाणं असेल, बाकी विमान मजेत असेल, तर तुमच्या वरचा ॲक्सेस पॉइंट गेला आहे.

हँगरमध्ये तपासणाऱ्यांसाठी

एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं, शिक्षण घेणाऱ्या मुलांची नेहमीची चूक म्हणजे आधी पेटी काढणं. मोडेम बदलला, तो कार्यशाळेत गेला, ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत आला, आणि तोवर विमानात तोच दोष कायम. क्रम पाळला तर हे टळतं.

आधी केबिन लॉग वाचा: दोष किती वाजता, कुठे, किती वेळ. मागच्या उड्डाणांतही नेट त्याच जागी गेलं असेल तर दोष विमानात नाही, उपग्रहाच्या व्याप्तीत आहे. मग विमान उघड्या आकाशाखाली आणा. मुंबईत उपग्रह दक्षिणेला आणि बराच वर असल्याने शेजारची टर्मिनलची इमारत सहसा आड येत नाही, पण हँगरचं छप्पर सगळंच खातं.

प्रक्षेपण चालू करण्याआधी पाठीवर, रेडोमजवळ किंवा उंच केलेल्या मचाणावर कुणी नाही ना हे स्वतः बघा. सुरक्षित अंतर त्या अँटेनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते वाचा, अंदाज करू नका. रेडोमवर माणूस काम करत असेल तर सर्किट ब्रेकर खेचून त्याला कॉलर आणि टॅग लावा. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हसारख्याच या लहरी, आणि त्या दिसत नाहीत.

जडत्व यंत्रणा नॅव्हवर (नॅव्हिगेशनवर) टाकून तिला स्थिर होऊ द्या. मग यंत्रणेच्या स्वयंचाचणी पानावर तिला मिळणारी जागा बघा. मुंबई विमानतळावर ती १९°०५′ उत्तर, ७२°५२′ पूर्वच्या जवळपास हवी. दिशा स्टँडबाय होकायंत्राशी ताडून बघा. जागाच येत नसेल तर मोडेमला हात लावू नका, एरिंक ४२९ ची तार बघा.

पुढे आधी ऐकणं, मग बोलणं. रिसीव्ह लॉक आहे का, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडला आहे का? सिग्नलचा आकडा याच विमानाच्या जुन्या नोंदीशी ताडा. आकडा हळूहळू महिनोन्‌महिने घसरला असेल तर रेडोम, सीलंट, कोॲक्स केबलचे जोड यांत पाणी किंवा गंज. एकदम शून्य झाला असेल तर वीज, तार किंवा अँटेनाची मोटर. रिसीव्ह उत्तम आणि तरी नेटवर्कमध्ये प्रवेश नाही, तर ट्रान्समीटर गप्प का आहे त्याचं कारण त्याच पानावर असतं: चाकांवर भार असल्याचा संकेत, हद्दीचा नकाशा, नेमातली चूक की तापमान. मे महिन्यात एसी न लावता उभ्या ठेवलेल्या विमानात छताजवळचं रेडिओ युनिट तापून बंद पडतं. आधी केबिन थंड करा, मग निदान करा. पंख्याच्या जाळीवर साचलेली धूळही तेव्हाच साफ करून घ्या.

पेटी काढायचीच ठरली तर आधी ती ट्रेमधून बाहेर ओढून परत नीट बसवून बघा. मागच्या कनेक्टरच्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते टॉर्चने पाहा. कोॲक्सचे नट हाताने नव्हे, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या मापाला आवळा. अँटेना बदलली असेल तर तिच्या दिशेचा फरक नव्याने मोजून भरावा लागतो. जुना आकडा ठेवला तर लिंक येते, पण वळणावर तुटते, आणि हा दोष जमिनीवर कधीच दिसत नाही.

ॲक्सेस पॉइंट तपासायला फोनवरचं वाय-फाय मोजणारं ॲप पुरतं. दारं बंद करून पुढून मागे चालत जा, दर पाच ओळींना आकडा लिहा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगला हवा. उणे ७५ च्या खाली गेला तर भरलेल्या विमानात तिथे तक्रार येणारच. दोन्ही पट्टे वेगवेगळे मोजा, कारण एक रेडिओ मेलेला असला तरी दुसऱ्यावर सगळं ठीक दिसतं.

वाय-फाय नसल्याने विमान जमिनीवर ठेवावं लागत नाही, दोष पुढे ढकलून उड्डाण करता येतं. म्हणूनच लॉगमधली नोंद नीट हवी, नाहीतर पुढच्या स्टेशनवरचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘पोर्टल आणि सिनेमे सर्व ओळींत चालू, इंटरनेट नाही, १४:१० ते १४:५५, मस्कतच्या पूर्वेला समुद्रावर, सरळ उड्डाणात, रीसेट एकदा केला, फरक नाही.’